केसभर

एकोणतीस अंक. तिसावा कधी आलाच नाही.
जेल रोडच्या या फ्लॅटमध्ये फरशीवर बसून
डांबरगोळ्यांच्या वासातून
मी विजांकुशला बाहेर काढते.
बेचाळीस वर्षं ट्रंकेत, तरी केस पिकलेला नाही.
माझ्या गुडघ्यांनी मात्र बसताना आवाज केला,
कट्ट,
पिवळ्या चांदणीत लिहावा असा.

पहिल्या पानावर तो घड्याळाच्या मनोऱ्यावर उभा.
लाल शेला खांद्यापासून केसभर डावीकडे छापलाय.
काळी रेघ एकीकडे, रंग दुसरीकडे,
मधे कोऱ्या कागदाची बारीक फट.

अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते, तपासणीला.
दिवसभर तक्ते उलटायचे,
रंग रेघेबाहेर गेला की खूण करायची: रद्द.
घरी आल्यावर माझा अंक दिव्याखाली धरायचे,
भिंग लावायचे आणि म्हणायचे,
"हा तुझा वीर आमच्याकडे निघाला असता
तर अख्खा गठ्ठा भट्टीत."
मी रडले होते. सात वर्षांची होते,
आणि भट्टीचा धूर आमच्या गच्चीवरून दिसतो
असं मला वाटायचं.

तरी दर महिन्याला अंक तेच आणायचे,
स्टेशनवरच्या स्टॉलवरून, पहिल्या पाळीला जाताना.
छापील कागद गेटच्या आत न्यायची सोय नाही,
सुटताना तर खिसे उलटे करून दाखवायचे;
म्हणून अंक दिवसभर राहायचा
सायकल स्टँडवाल्या गफूरचाचांपाशी.
चाचा अक्षराला अक्षर जोडून मराठी वाचत.
कुणी सायकल लावायला आलं
की पानाचा कोपरा दुमडत.

आज ते कोपरे मोजत बसले.
चौथ्या अंकात पाच.
नवव्यात अकरा, त्या दिवशी पगार झाला असावा.
सोळाव्यात एकच, शेवटून तिसऱ्या पानावर:
प्रोफेसर राखुंडी पुलाखाली सुरुंग लावतोय
आणि चाचांनी सगळ्या सायकली
देवाच्या भरवशावर सोडल्यात.

दुपारी भावाचा फोन, बंगळुरूहून.
"ताई, जुन्या अंकांना वेडे लोक पैसे मोजतात.
कोपरे दुमडलेत का?"
"हो."
"किती?"
"अजून मोजतेय."
"आणि रंग?"
"सरकलेत."
"मग काही नाही यायचं त्याचं,"
तो म्हणाला, अगदी अण्णांच्या आवाजात.

एकोणतिसाव्यात विजांकुश पुलावरून पडतो.
खाली नदी. चौकटीत: पुढील अंकी समाप्त.
पुढे काय, पुढे काय, म्हणून मी अण्णांना
दोन महिने जेवू दिलं नाही.
शेवटी ताकाचा भुरका मारून ते म्हणाले,
"काय व्हायचंय? नोकरी लागली त्याला.
आमच्याच खात्यात. रात्रपाळी."
मी विश्वास ठेवला.
पाळी सुटताना गेटसमोर उभी राहून
खिसे उलटे केलेल्या माणसांत
एक फार उंच माणूस शोधायचे,
शेला डब्याच्या पिशवीत कोंबलेला.

ट्रंकेच्या तळाशी अण्णांचं भिंगही निघालं.
त्यातून पाहिलं, तर प्रत्येक अंकाच्या
शेवटच्या पानावर, शिलाईजवळ,
पेन्सिलची तिळाएवढी खूण.
पासची असेल, रद्दची असेल.
विचारायला आता प्रेसमधलं कुणी ओळखीचं नाही.

मी पुन्हा त्या फटीकडे बघते.
लहानपणी मला ती चूक वाटलीच नव्हती.
रेघ मनोऱ्यावर उभी राहते,
रंग तेवढ्यात निघालेला असतो;
उडायचं म्हणजे असंच असणार.

देवळालीकडे सराव सुरू झाला. तोफ.
खिडकीची काच थरथरली.
"उतरला," मी म्हणते,
रिकाम्या खोलीत, मोठ्याने.

मग बेल वाजते.
कुरिअर असेल, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या निकुंभबाई.
मी कोपरा दुमडते.